घटस्फोटाची केस सुरू असताना आयकर रिटर्न आणि रिफंड: हक्क कोणाचा, कागद कोणते

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पुष्कळ घरांत बायकोच्या नावाचं रिटर्न नवराच भरतो. पॅन तिचं असतं, पण पोर्टलला जोडलेला मोबाइल त्याचा, पासवर्ड त्याच्या कर सल्लागाराकडे आणि रिफंड जमा होतो तो दोघांच्या जॉइंट खात्यात. संसार सुरळीत असतो तोवर यात कोणाला वावगं वाटत नाही. पण केस कोर्टात गेल्यावर याच गोष्टी नडतात. म्हणून पोटगीचा आकडा ठरायची वाट न पाहता आधी आपलं आयकर खातं स्वतःच्या हातात घ्या.

रिटर्न कोणी भरायचं?

आपल्याकडे नवरा-बायकोचं मिळून एक रिटर्न नसतंच. लग्न टिकलेलं असो, केस चालू असो की निकाल लागलेला असो, ज्याचं पॅन त्याचं रिटर्न आणि त्याचाच रिफंड. नवऱ्याची कराची थकबाकी बायकोच्या रिफंडातून वळती होत नाही, स्वतःच्या नावावर जुनी मागणी असेल तर मात्र होते.

‘माझं उत्पन्न कमी आहे, रिटर्न कशाला?’ असं अनेक बायका म्हणतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, हे खरं. पण बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर किंवा संस्थेने पगारावर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल, तर तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.

पोर्टल ताब्यात घेणं

आधी आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्या. आधार केंद्रात हे काम बोटांच्या ठशावर होतं, नवऱ्याची सही किंवा संमती लागत नाही. नंबर जोडला गेला की आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलात’ हा पर्याय निवडा आणि आधार ओटीपीने नवा पासवर्ड ठेवा. मग लगेच प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल दोन्ही बदला. नाहीतर विभागाच्या नोटिसा जुन्याच पत्त्यावर जात राहतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

यानंतर फक्त स्वतःच्या नावाचं बचत खाते उघडा, पॅन जोडा, पोर्टलवर ते प्रमाणित करून रिफंडसाठी तेच निवडा आणि जॉइंट खात्याची निवड काढून टाका. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं पाहिजे. माहेरचं नाव पुन्हा लावायचं असेल तर पॅन, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी ते एकसारखं होईपर्यंत रिफंड अडकू शकतो. घाई नसेल तर चालू वर्षाचा रिफंड जुन्या नावावरच घ्या आणि मग बदलाला लागा. खातं बंद असल्यामुळे रिफंड परत गेला असेल तर पोर्टलवरच ‘रिफंड री-इश्यू’ची विनंती टाकता येते.

जुनी रिटर्न उघडून बघाच

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. कर्जासाठी किंवा पैसा दोन नावांत वाटून दाखवण्यासाठी बायकोच्या नावाने शिवणकाम, शिकवणी, किरकोळ व्यापार असं उत्पन्न दाखवायची पद्धत आपल्याकडे आहे. बाईला त्याचा पत्ताही नसतो. पुढे पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना तीच रिटर्न कोर्टात येतात आणि ‘ही तर कमावती आहे’ असं म्हटलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. त्या शपथपत्रातले आकडे आणि तुमच्या नावाची रिटर्न जुळली नाहीत, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून पोर्टलवरून मागच्या वर्षांची रिटर्न, २६एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस उतरवून घ्या आणि शपथपत्र करण्याआधी वकिलांना दाखवा. माहीत नसलेलं उत्पन्न दिसलं तर ते लपवू नका, लेखी सांगा.

पोटगीवर कर

एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते, त्यावर कर नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र बाईच्या ‘इतर उत्पन्नात’ धरली जाते. हा फरक मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालातून आला आहे. देणाऱ्याला दोन्हींपैकी कशाचीच वजावट मिळत नाही. समझोत्याचा मसुदा होताना बायकोची आणि मुलांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. बापाने मुलाला दिलेला पैसा हा नातेवाइकाकडून आलेला असतो, त्याला कर लागत नाही. निकालानंतर नवरा मात्र कायद्याच्या अर्थाने नातेवाईक राहत नाही, त्यामुळे कोर्टाच्या आदेशाबाहेर त्याने परस्पर दिलेल्या रकमा वर्षात ५० हजारांच्या वर गेल्या तर प्रश्न येऊ शकतो. जे घ्यायचं ते आदेशातच येऊ द्या.

केळी, सोनं, ठेवी

रावेर-यावलकडे बायकोच्या नावावर केळीचा मळा असतो. त्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त असतं, पण ५ हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. कटतीच्या (घड कापून विकल्याच्या) पावत्या आणि सातबारा जपून ठेवा.

स्त्रीधन परत मिळालं तर ते उत्पन्न नाही. पण केस चालवायला दागिने मोडले तर नफ्याचा हिशेब लागतो. २४ महिन्यांहून जुन्या सोन्यावरच्या नफ्याला १२.५ टक्के दर आहे आणि १२ लाखांची सवलत त्याला लागू होत नाही. आईवडिलांनी घातलेल्या दागिन्यांची किंमत त्यांनी घेतली तेव्हाची धरतात, म्हणून सराफाची जुनी पावती मिळाली तर माहेराहून मागवून घ्या.

नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावे ठेव किंवा घर केलं असेल, तर लग्न टिकून आहे तोवर त्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच रिटर्नमध्ये धरतात. वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलेल्या मालमत्तेला हा नियम नाही. जॉइंट ठेवीचा टीडीएस पहिल्या नावावर पडतो, मग पैसा कोणाचाही असो. तो दुसऱ्याच्या पॅनवर घ्यायचा तर पहिल्या नावाच्या धारकाने बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. भांडण चालू असताना ते कोण देणार? म्हणून मुदत संपली की ठेव मोडून वेगवेगळी करा. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या नावावरचं व्याज एरवी जास्त उत्पन्नाच्या पालकाकडे धरतात. लग्न संपुष्टात आल्यावर ते मूल सांभाळणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात येतं.

कागद

पॅन, आधार, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), बँकेचं व्याज प्रमाणपत्र, २६एएस आणि एआयएस हे नेहमीचे. शिवाय अंतरिम पोटगीचा किंवा घटस्फोटाचा आदेश, समझोत्याची प्रत आणि पोटगी जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. रिटर्नला यातलं काही जोडायचं नसतं, पण नोटीस आली तर लागतं. घर सोडताना कागद तिकडेच राहिले असतील तर फॉर्म १६ नोकरीच्या ठिकाणाहून आणि प्रमाणपत्र बँकेतून पुन्हा मिळतं.

पगार आणि व्याजाच्या उत्पन्नासाठी शेवटची तारीख साधारण ३१ जुलै असते. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं आणि रिफंडही मिळतो. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा, तिच्याशिवाय रिटर्न भरलेलं धरत नाहीत. डिसेंबरही गेला तर त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत रिटर्नने रिफंड मागता येत नाही. मग विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. त्याला निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ५ वर्षांची मुदत आहे, आणि केस व घर सोडावं लागणं हे कारण तारखांसह, कोर्टाच्या कागदांची प्रत लावून मांडता येतं.