वीस टनांची ओढ

ग्रँड पियानोचं झाकण उघडं असेल, तर एकदा आत डोकावून बघा. तारांखाली सोनेरी रंगाची जाडजूड चौकट दिसेल. ती बिडाची असते. तारा दोनशेहून जास्त, एकेक साधारण ७०-८० किलोच्या ओढीने ताणलेली. सगळ्यांची मिळून ओढ २० टनांच्या आसपास जाते. एवढा ताण वर्षानुवर्षं सोसायचा आणि तरी आवाज मोकळा ठेवायचा, या पेचाभोवतीच पियानोचा कारखाना फिरत असतो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या स्टाइनवेच्या कारखान्यात एक ग्रँड पियानो घडायला जवळपास वर्ष लागतं. त्याची बाहेरची वळणदार भिंत, म्हणजे रिम, एकसंध असते. सर्वांत मोठ्या पियानोसाठी मेपलच्या १८ लांबलचक पातळ पट्ट्यांना सरस लावून त्या एकावर एक चढवतात. मग पाच-सहा जण तो जड, चिकट थर उचलून साच्याभोवती वाकवतात. एक जण रेटतो, दुसरा शिकंजा आवळतो आणि सगळे मिळून पुढच्या वळणाकडे सरकतात. सरस धरायच्या आत हे उरकावं लागतं. या पद्धतीचं पेटंट १८८० सालचं आहे आणि आजही तिथे माणसांच्या अंगातल्या जोरावरच हे काम चालतं. साच्यातून काढलेली रिम पुढे कित्येक आठवडे नुसती ठेवून देतात. जबरदस्तीने वाकवलेलं लाकूड त्या आकारात रुळावं लागतं.

तार बारीक असते, ती एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. तिचं कंपन घोडीवरून खाली साउंडबोर्डात उतरतं आणि ते रुंद फळकूट हवा हलवतं. तंबोऱ्यात भोपळा आणि तबली करतात, तेच हे काम. साउंडबोर्ड स्प्रूसचा, कारण हे लाकूड हलकं असूनही ताठ असतं. मधोमध जाडी जेमतेम ९ मिलिमीटर, कडांकडे आणखी कमी. वर त्याला किंचित फुगवटा दिलेला असतो, तारांचा दाब पेलण्यासाठी. मला तर पियानोतली सगळ्यात नाजूक आणि देखणी गोष्ट हीच वाटते.

हे पातळ फळकूट वाचतं ते चौकटीमुळे. पूर्वी चौकटी लाकडी होत्या आणि ताण वाढवला की त्या वाकत. १८२५ साली बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने अखंड ओतीव चौकटीचं पेटंट घेतलं. बीड ओढलं तर तडकतं, पण दाबाला दाद देत नाही. शिवाय ते स्वतः फारसं घुमत नाही. जपानमध्ये यामाहा ती ओतताना वाळूचा साचा निर्वात करून घट्ट धरते, त्यामुळे ओतकाम खूपच साफ येतं.

बोटांनी दाबायच्या पट्ट्या आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्या बसल्या की यंत्र त्या हजारो वेळा बडवून सैल करतं. नव्या तारा ताणतात, उतरतात, म्हणून पुन्हा पुन्हा सुरात लावल्या जातात. यापुढे मात्र यंत्र थांबतं. हातोडीवरचा लोकरीचा नमदा फार घट्ट असेल तर स्वर टोचतो, फार मऊ असेल तर बुजतो. कारागीर एक पट्टी दाबतो, ऐकतो, हातोडी बाहेर काढून नमद्यात बारीक सुया खुपसतो आणि तोच स्वर पुन्हा ऐकतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याने हे पाहिलं, तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. मग शेजारची पट्टी. अशा ८८.