जपानी येत नाही? तरी जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवता येतं

‘जपानी आल्याशिवाय तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला घेत नाहीत’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. परदेशी लोकांना शाळांत नेमणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या जपान सरकारच्या ‘जेट’ कार्यक्रमात सहाय्यक भाषा शिक्षकाला जपानीची अट नाही. कुठल्याही विषयाची पदवी आणि उत्तम इंग्रजी हवं. जपानी लागते ती याच कार्यक्रमातल्या, सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या समन्वयकांना. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

वर्गात सहसा जपानी शिक्षक सोबत असतात. तास सुरू होताना मुलं उभी राहून वाकतात. मग तुम्ही उतारा मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा. ‘राइट’ आणि ‘लाइट’ त्यांच्या कानाला सारखेच वाटतात. तुमची खरी गरज तिथेच असते. शिक्षकांच्या खोलीत मात्र सगळं जपानीतच चालतं, म्हणून चार वाक्यं तरी शिकून जा.