विशेष गरजा असलेल्या मुलींचे शिक्षण

दिव्यांगत्वामुळे ज्यांना शिकताना वेगळे साहाय्य लागते अशा मुलींना, त्यातही दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त व गरीब कुटुंबांतील मुलींना, शाळेत आणण्याची आणि तेथे टिकवण्याची व्यवस्था. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग पुरुषांमध्ये साक्षरता सुमारे ६२ टक्के, तर दिव्यांग स्त्रियांमध्ये सुमारे ४५ टक्के होती.

महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात स्वतंत्र शाळांपासून झाली. अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच, आणि आज ती मुलींची निवासी शाळा आहे. पुढे समावेशित शिक्षणाचा, म्हणजे जवळच्या नेहमीच्या शाळेतच सोय करण्याचा, विचार रुजला. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या बालकांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

समग्र शिक्षा योजनेत (२०१८ पासून) साहाय्यक साधने, प्रवास व मदतनीस भत्ता, विशेष शिक्षक यांची तरतूद मुलगे-मुली दोघांसाठी आहे. केवळ मुलींसाठी म्हणून पहिली ते बारावीपर्यंत दरमहा २०० रुपये, वर्षातून १० महिने, असा प्रोत्साहन भत्ता दिला जातो. ही रक्कम तुटपुंजी आहेच. शिवाय ती हाती पडण्याआधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि बँक खाते लागते, आणि प्रमाणपत्रासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जायचे तर मजुरीवर जगणाऱ्या आईबापांचा एका खेपेला एक रोज बुडतो.

साधन मिळाले म्हणजे शिक्षण सुरू झाले असेही नाही. ब्रेल पाटीत कागद अडकवून टोच्याने उजवीकडून डावीकडे टिंबे उमटवायची आणि कागद उलटून ती डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायची असतात, त्यामुळे अक्षर लिहिताना त्याची आरशातली प्रतिमा मनात धरावी लागते. हे रोज कोणीतरी शेजारी बसून करून घ्यायचे काम आहे. फिरत्या विशेष शिक्षकाकडे मात्र अनेक शाळा असल्याने प्रत्येकीच्या वाट्याला त्याचे थोडेच तास येतात.

मुलींची गळती बहुधा वयात येताना होते. शाळेला उतार बांधलेला असतो, पण स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही. पाळीच्या दिवसांत मदतीला बाई नसते. आणि सुरक्षिततेच्या धास्तीने घरचेच मुलीला बाहेर पाठवत नाहीत. घरी ठेवलेल्या मुलीकडे धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे किंवा बसल्या जागी निवडण-टिपणाचे काम येते, आणि घराला त्याची सवय झाली की तिला पुन्हा शाळेत पाठवणे अवघड होते. २००४ मध्ये सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये वंचित समाजांतील मुलींसाठी निवासी असल्याने रोजच्या वाटेचा प्रश्न सोडवतात. दिव्यांग मुलीसाठी मात्र अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत सोबत करणारी मदतनीस वसतिगृहात असावी लागते.