आयरिश स्टाउट आणि सेंट पॅट्रिक दिन

आयरिश स्टाउट : भाजलेल्या जवामुळे जवळजवळ काळी दिसणारी, कोरड्या कडवट चवीची आणि दाट, साईसारख्या फेसाची बिअर. आयर्लंडचे संरक्षक संत पॅट्रिक यांच्या स्मरणार्थ 17 मार्चला साजऱ्या होणाऱ्या सणाला पबमध्ये जमलेल्या मंडळींच्या हाती हीच बिअर प्रामुख्याने दिसते. पेला उजेडासमोर धरला की तिचा खरा रंग कळतो. तो काळा नसून गडद माणकासारखा तांबडा असतो.

स्टाउटचे मूळ लंडनचे आहे. अठराव्या शतकात तेथील हमालवर्गात लोकप्रिय झालेल्या तपकिरी बिअरला ‘पोर्टर’ असे नाव पडले आणि तिच्या अधिक कडक प्रकाराला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणू लागले. आर्थर गिनेस यांनी 1759 मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील ब्रुअरी (बिअरचा कारखाना) वर्षाला 45 पौंड भाड्याने, तब्बल 9000 वर्षांच्या कराराने घेतली. सुरुवातीस ते एल (तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली बिअर) बनवत आणि पोर्टरकडे नंतर वळले. कॉर्क शहरात बीमिश अँड क्रॉफर्ड 1792 मध्ये आणि मर्फीज 1856 मध्ये सुरू झाली. डॅनिएल व्हीलर यांनी 1817 मध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतल्यावर थोड्याशा करपवलेल्या माल्टने सगळी बिअर काळी करता येऊ लागली. पुढे 1880 मध्ये माल्टवरचा कर उठला आणि मोड न आणलेला जव वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. आजच्या आयरिश स्टाउटला कॉफीची आठवण करून देणारा जो कडवटपणा असतो, तो अशा मोड न आणता भाजलेल्या जवाचा. त्याच्या जोडीला चपटा केलेला कच्चा जवही घालतात. त्याने बिअरला दाटपणा येतो आणि फेस टिकून राहतो. जवाच्या वाणांच्या तुलनेचे काम गिनेसमध्ये करणारे विल्यम सीली गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने 1908 मध्ये प्रसिद्ध केलेली संख्याशास्त्रीय चाचणी आज जगभर शिकवली जाते.

आयर्लंडमध्ये 17 मार्च ही सार्वजनिक सुटी 1903 च्या कायद्याने मिळाली. मात्र या दिवसाची आज दिसणारी पबमधली गर्दी फारशी जुनी नाही. 1927 च्या कायद्याने त्या दिवशी पब बंद ठेवणे सक्तीचे केले आणि ही बंदी 1960 च्या कायद्याने उठेपर्यंत टिकली. मधल्या काळात डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात भरणारे कुत्र्यांचे प्रदर्शन हे त्या दिवशी राजरोस पेय मिळण्याचे ठिकाण होते आणि तेथे कुत्र्यांमध्ये रस नसलेलेही बरेच लोक जात. गुड फ्रायडेची अशीच बंदी तर 2018 पर्यंत चालली. ती उठली तेव्हा देशाचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातले वराड.

सणासाठी बिअर निवडताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. काळा रंग आणि दाट फेस यांमुळे स्टाउट जड आणि कडक असणार, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. नळावरच्या गिनेसमध्ये मद्यार्क सुमारे 4.2 टक्के असतो, म्हणजे जगभर खपणाऱ्या 5 टक्क्यांच्या लागर (थंड तापमानात आंबवलेल्या) बिअरपेक्षा कमीच, आणि भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, 8 टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या बिअरच्या जवळपास निम्मा. आयर्लंडमध्ये चार-पाच जण एकत्र बसले की प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांसाठी ‘राउंड’ मागवतो आणि एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर; अशा लांबलेल्या बैठकीला हलकी बिअरच योग्य. गिनेसचाच ‘फॉरेन एक्स्ट्रा’ हा निर्यातीसाठी बनवलेला प्रकार मात्र सुमारे 7.5 टक्क्यांचा आहे. तो लहान पेल्यात, जेवणानंतर सावकाश घ्यावा; नाव सारखे म्हणून त्याचे पाइंट भरणे चुकीचे ठरते.

स्टाउटमध्येही चवीचे फरक आहेत. गिनेस कोरडी आणि किंचित आंबूस, मर्फीज सौम्य आणि कडवटपणा कमी, बीमिशमध्ये भाजल्याची चव अधिक ठळक. प्रथमच स्टाउट पिणाऱ्याने मर्फीजपासून आरंभ करणे बरे. आयर्लंडमधल्या कार्लो येथील ब्रुअरीची ओ’हॅराज ही 1996 नंतरच्या लहान उत्पादकांच्या पिढीतली चांगली निवड आहे. ज्यांना भाजलेली चव मुळीच रुचत नाही त्यांच्यासाठी आयरिश रेड एल आहे. किल्केनीत जन्मलेली स्मिथविक्स ही तिची प्रसिद्ध छाप. तिच्यात भाजलेला जव रंगापुरताच असल्याने चव गोडसर होते. शाकाहारी व्यक्तींच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे : बिअर निवळण्यासाठी पूर्वी माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ वापरत. गिनेसने तो सोडण्याचे 2015 मध्ये जाहीर केले आणि पुढील काही वर्षांत सोडला.

स्टाउटचा आनंद मोठ्या प्रमाणात ती ओतण्यात आहे. 1959 मध्ये गिनेसमधील गणितज्ञ मायकेल ॲश यांच्या प्रयत्नांनी कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन वापरण्याची पद्धत रूढ झाली. नायट्रोजन पाण्यात फारच कमी विरघळतो, त्यामुळे बुडबुडे अतिशय बारीक राहतात आणि जिभेला टोचत नाहीत. ओतणारा पेला तिरपा धरून तीन-चतुर्थांश भरतो आणि तसाच बाजूला ठेवतो. आत तपकिरी ढग उठतात आणि बुडबुडे काचेलगत चक्क खाली उतरताना दिसतात. पेला वर रुंद असल्याने मध्यभागी बुडबुडे वर चढतात, द्रव कडेने खाली वळतो आणि कडेचे बुडबुडे ओढत नेतो. हा ढग निवळून खाली काळे, वर पांढरे अशी स्वच्छ रेघ उमटली की उरलेला भाग सावकाश भरतात. फेस काठाच्या किंचित वर घुमटासारखा उभा राहतो. या सगळ्याला सुमारे दोन मिनिटे लागतात आणि ती द्यायलाच हवीत. पहिला घोट घेताना फेस चाटू नये, पेला उचलून फेसाखालची बिअर तोंडात येऊ द्यावी. नीट ओतलेल्या पाइंटमध्ये प्रत्येक घोटागणिक काचेवर फेसाचे एकेक कडे मागे राहते.

घरी पिणाऱ्यांसाठी 1988 पासून कॅनमध्ये ‘विजेट’ आला. आजच्या रूपात तो बारीक छिद्राचा, प्लास्टिकचा पोकळ चेंडू असतो. कॅन उघडताच दाब उतरतो आणि त्यातून सुटलेल्या नायट्रोजनच्या फवाऱ्याने फेस धरतो. असा कॅन चांगला गार करून, सगळी बिअर मावेल एवढ्या पेल्यात एका दमात रिकामा करावा. बाटलीतली ‘एक्स्ट्रा स्टाउट’ कार्बन डायऑक्साइडवर चालते. तिच्याकडून साईसारख्या फेसाची अपेक्षा धरली तर निराशा होते, परंतु भाजलेल्या जवाची धार तिच्यातच जास्त जाणवते. सोबत कालवे (शिंपल्यातले ऑयस्टर) देण्याची रीत आहे, कारण त्यांचा खारेपणा आणि स्टाउटचा कडवटपणा एकमेकांना सांभाळतात. स्टाउट घालून शिजवलेला गोमांसाचा रस्सा आणि सोडा ब्रेडही असतो.

हिरवा रंग मिसळलेली बिअर ही अमेरिकेतली प्रथा आहे. शिकागोत नदीही 1962 पासून हिरवी करतात. स्टाउटमध्ये तो रंग दिसतही नाही. आयर्लंडची स्वतःची रीत साधी आहे. दिवसभर कोटावर मिरवलेले शॅमरॉकचे (आयर्लंडचे प्रतीक असलेल्या तीन पानी रोपाचे) त्रिदल शेवटच्या पेल्यात टाकतात, ‘स्लॉन्चे’ म्हणजे आरोग्य चिंतून तो पेला संपवतात आणि तळाशी राहिलेले त्रिदल डाव्या खांद्यावरून मागे फेकतात. याला ‘शॅमरॉक बुडवणे’ असे म्हणतात.