कमलाबाई आणि कडवे वाल

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण हटून बसली, शेवटी अटी घालून तिला घेतलं. गोष्ट खरी आहे, सांगायलाच हवी. पण ती सांगून झाली की आपण उठतो. बाईंनी पुढे कोणतं रसायनशास्त्र केलं, हे कुणी विचारत नाही. मला ही दुसरी उपेक्षा वाटते.

१९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन, पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असतं हे दाखवून त्या परतल्या. मग मुंबईत, काळा घोड्याजवळच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरा, ताडगूळ आणि कडधान्यं तपासली. कडधान्यांतले ट्रिप्सिन-रोधक, म्हणजे प्रथिनांचं पचन अडवणारे पदार्थ, हे त्यातलं माझं सर्वांत आवडतं काम. त्याचा पुरावा दादरला आमच्या ओट्यावर असतो.

वाल भिजतात, मोड येतात, कोमट पाण्यात टाकून चिमटीत दाबले की डाळिंबी सालातून टुणकन बाहेर येते. पण कच्ची कुणी तोंडात टाकत नाही.

ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारं, प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम). प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल दिसलं की त्याच्या पुढे ते कापतं. वालातलं रोधक प्रथिन स्वतःच असं एक लायसिन किंवा आर्जिनिन पुढे करतं, तेही एका ताठ वळशावर, गंधकाच्या बंधांनी आवळलेल्या. ट्रिप्सिन ते पकडतं, कापूही लागतं. पण कापलेली टोकं दूर जात नाहीत, पुन्हा जुळतात. अडकित्त्यात सुपारी रुतून बसावी तसं विकर अडकतं. बियाणं खाणाऱ्या किडीचं पचन असंच बिघडतं, झाडाचा फायदा तोच. अशा रोधकांच्या एका मोठ्या कुळाला बोमन-बर्क म्हणतात. त्यातल्या बर्क म्हणजे इस्रायलच्या यहुदित बर्क, एक बाईच.

रोधक मोजायची रीत साधी आहे. बियांचा अर्क ट्रिप्सिनमध्ये मिसळायचा, त्यावर दुधातलं केसीन हे प्रथिन घालायचं आणि किती पचलं ते बघायचं. कच्च्या अर्कात पचन मंदावतं. भरपूर पाण्यात नीट उकळलं की रोधकांची घडी बरीचशी मोडते आणि ट्रिप्सिन मोकळं राहतं. ‘शिजवल्यानं अन्न मरतं, कडधान्यं कच्चीच खा’ असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा बघावा. आमची आई डाळिंबी अंगठ्यानं दाबून बघते, आणि मऊ झाली तरच गॅस बंद करते.