छायाचित्र-शिल्प

शिल्प आणि छायाचित्र ही दोन माध्यमे एकमेकांवाचून अपुरी पडतील अशा रीतीने एकाच कलाकृतीत गुंफणारी समकालीन कलापद्धती. पुतळ्याचे नोंदीपुरते काढलेले छायाचित्र तिच्यात मोडत नाही. येथे वस्तू कॅमेऱ्यासाठीच घडवलेली असते, नाहीतर छायाचित्रालाच जाडी, वजन आणि मागची बाजू दिलेली असते. शेवटी प्रेक्षकापुढे वस्तू उरते की तिची प्रतिमा, यावर कलाकृतीचा अर्थ बराचसा ठरतो.

या दोन माध्यमांचा संबंध जुना आहे. पॅरिसमध्ये १८६० च्या सुमारास फ्रान्स्वा विलेम गोल खोलीत गिऱ्हाइकाला मधोमध उभे करून सभोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी छायाचित्रे घेई आणि त्यांच्या बाह्यरेषा पँटोग्राफच्या (रेषा गिरवून तिची लहान-मोठी प्रत काढणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने मातीत उतरवून पुतळा तयार करी. तो धंदा होता; कलाविचार पुढे आला. शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी याला आपल्या शिल्पांची इतरांनी काढलेली छायाचित्रे पसंत पडत नसत. छायाचित्रकार मॅन रे याच्या मदतीने तंत्र शिकून तो स्वतःच छायाचित्रे काढू लागला. झिलई दिलेल्या ब्राँझवर तो असा झगझगीत प्रकाश पाडी, की आकाराची कडाच विरून जाई. इंग्रज कलावंत रिचर्ड लाँगने १९६७ मध्ये इंग्लंडमधील एका कुरणात एकाच रेषेत येरझाऱ्या घातल्या. पायांखाली दबलेले गवत हेच शिल्प होते. मागे राहिले ते छायाचित्र.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९७० साली पीटर बनेल यांनी ‘फोटोग्राफी इंटू स्कल्प्चर’ हे प्रदर्शन मांडले आणि या प्रयोगांना प्रथमच एकत्रित ओळख मिळाली. त्याच वर्षी बर्न्ड व हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याचे पुस्तक निघाले. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कोळसा खाणींवरचे मनोरे यांच्या छायाचित्रांच्या या संग्रहाला त्यांनी ‘अनामिक शिल्पे’ असे नाव दिले. १९९० च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना ‘सुवर्णसिंह’ हा पुरस्कार मिळाला तोही शिल्पकलेसाठी. दोघांनी एकही शिल्प घडवले नव्हते, तरी हा निर्णय विक्षिप्त म्हणता येणार नाही. ढगाळ आकाश, समोरचा कोन आणि ठरावीक अंतर यांमुळे त्या टाक्यांकडे पाहताना त्यांचा उपयोग विसरायला होतो व आकार तेवढा डोळ्यांत भरतो.

या पद्धतीचे सर्वांत काटेकोर उदाहरण म्हणजे जर्मन कलावंत टोमास डेमांड (जन्म १९६४). ड्युसेलडॉर्फला शिल्पकला शिकताना तो आपल्या कागदी कृती नष्ट होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवी. १९९३ पासून त्याने क्रम उलटवला आणि केवळ छायाचित्रासाठी रचना करायला घेतली. वर्तमानपत्रातील किंवा संग्रहातील एखादे छायाचित्र निवडायचे, ती जागा कागद व पुठ्ठ्यातून खऱ्या आकारात उभी करायची, तिचे मोठे छायाचित्र घ्यायचे आणि मग रचना मोडून टाकायची. कॅमेरा एकाच जागेवरून पाहतो, त्यामुळे जे त्याच्या नजरेबाहेर ते बांधायची गरज नसते. ‘बाडेत्सिमर’ (म्हणजे स्नानगृह, १९९७) या कृतीमागे जर्मन राजकारणी उवे बार्शेल यांच्या मृत्यूचे प्रकरण आहे. १९८७ मध्ये जिनिव्हातील एका हॉटेलच्या बाथटबमध्ये त्यांचा मृतदेह आढळला होता. डेमांडच्या कागदी स्नानगृहात देह नाही. त्याच्या चित्रांत माणसे नसतात आणि कागदपत्रांवर अक्षरेही नसतात. यात फसवणुकीचा हेतू मात्र नाही. कागदाचे सांधे आणि कडा तो दिसू देतो. पाहणाऱ्याला खोटेपणा कळावा, पण जरा उशिरा. ‘ग्रोटो’साठी (२००६) मायोर्का बेटावरील गुहेच्या पोस्टकार्डावरून त्याने सुमारे ३६ टन राखाडी पुठ्ठ्याचे थर रचले. अपवाद म्हणून ही रचना मोडली नाही. ती मिलानच्या फोंडात्सिओने प्रादा या संस्थेत ठेवली आहे.

भारतात हा प्रवाह वेगळ्या कारणांनी आला. मुंबईच्या १९९२–९३ च्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचे होशी जाल यांनी काढलेले छायाचित्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी त्यावर ‘मेमोरियल’ (१९९३) हे मांडणशिल्प (जागेत वस्तू मांडून रचलेली कलाकृती) उभारले. त्यात छायाचित्रावर खिळे ठोकले आहेत, प्रतिमा काचपेट्यांत ठेवली आहे आणि पत्र्याच्या ट्रंकांची कमान केली आहे. वर्तमानपत्रातला फोटो दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. येथे त्याच्याभोवती फिरावे लागते. डेमांड देह काढून टाकतो, सुंदरम तो प्रेक्षकाच्या वाटेत आणून ठेवतात.

बडोद्याला शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या पुष्पमाला एन. यांनी १९९० च्या दशकात स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) ही त्यांची छायाचित्रमालिका मुंबईत चित्रित झाली. तिला शिल्प म्हणावे का, हा वादाचा मुद्दा आहे. दयानिता सिंग (जन्म १९६१) यांच्या ‘म्युझियम भवन’बाबत असा प्रश्न उद्भवत नाही. पडद्यासारख्या उघडमीट होणाऱ्या मोठ्या लाकडी चौकटींत त्यांची कृष्णधवल छायाचित्रे बसवलेली असतात, बाकीची त्याच रचनेच्या पोटात साठवलेली असतात. छायाचित्रांची अदलाबदल करता येते. त्यामुळे भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखी एक कायमची मांडणी या कृतीला नाही.