उमेदवाराचं कर्ज कुठे वाचायचं आणि लपवलं असेल तर कुठे जायचं: गोव्यातल्या मतदारांसाठी

अर्ज भरण्याची मुदत संपली की दोन दिवस वर्तमानपत्रांत कोण किती कोटींचा धनी याचे आकडे झळकतात. देण्यांचा रकाना क्वचितच कुणी छापतं. बँकेचा हप्ता, कुणा व्यक्तीकडून घेतलेले हातउसने पैसे, थकलेली घरपट्टी, आयकर खात्याशी चाललेला वाद हे सगळं त्याच रकान्यात असतं. आपला आमदार उद्या कुणाच्या दबावाखाली येऊ शकतो, याचा अंदाज मालमत्तेपेक्षा देण्यांवरून चांगला येतो. हा कागद कुणालाही पाहता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. तक्रार करायची झाली तर मात्र मुदती कडक आहेत आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कर्जामुळे आमदारकी जाते का?

कर्ज कितीही असलं तरी त्यामुळे उमेदवारी किंवा पद जात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ नुसार अपात्र ठरतो तो ‘अविमुक्त नादार’, म्हणजे न्यायालयाने नादार जाहीर केलेला आणि अजून त्यातून मुक्त न झालेला माणूस. खासदारांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १०२ मध्ये आहे. बँकेची नोटीस, घरावर जप्ती, वसुलीचा दावा, लिलावाची जाहिरात यांपैकी कशानेही अपात्रता येत नाही.

चेक बाउन्सचं प्रकरण थोडं वेगळं. परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ चा हा खटला फौजदारी असतो, म्हणून तो देण्यांत नव्हे तर प्रलंबित फौजदारी खटल्यांच्या भागात लिहावा लागतो. या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची आहे आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) ची अपात्रता किमान दोन वर्षांच्या शिक्षेला लागते. त्यामुळे पूर्ण दोन वर्षांची शिक्षा झाली तरच पद धोक्यात येतं.

फॉर्म २६ मध्ये देण्यांबद्दल काय लिहावं लागतं?

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. ते नोटरी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा उच्च न्यायालयाने नेमलेल्या शपथ आयुक्तासमोर केलेलं असावं. प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आणि नोटरीचा शिक्का हवा. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ते दाखल झालं पाहिजे. माहिती स्वतःची, पती किंवा पत्नीची, हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास त्याची आणि अवलंबितांची द्यायची असते. अवलंबित म्हणजे स्वतंत्र उत्पन्न नसलेले आणि उमेदवारावरच अवलंबून असलेले नातेवाईक. कमावत्या मुलाच्या नावावरचं कर्ज इथे येत नाही, हे लक्षात ठेवा. बरेच आरोप याच मुद्द्यावर फुसके ठरतात.

देणी तीन ठिकाणी विभागलेली असतात. पहिल्या भागात बँका आणि वित्तसंस्थांची कर्जं, व्यक्ती किंवा इतर संस्थांकडून घेतलेले पैसे आणि इतर देणी येतात. प्रत्येक ठिकाणी कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्जाचं स्वरूप आणि बाकी रक्कम लिहायची. दुसऱ्या भागात सरकारी थकबाकी: आयकर, जीएसटी, घरपट्टी, वाहतूक खात्यांची देणी आणि गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर त्याचं भाडं, वीज, पाणी आणि फोनची बाकी. तिसरा भाग वादातल्या देण्यांचा, म्हणजे रक्कम किती आणि वाद कुणासमोर चालू आहे. बहुतेकांची नजर पहिल्या भागावरच थांबते. मोठे आकडे कधीकधी तिसऱ्यात असतात.

जामीनकीसाठी या फॉर्ममध्ये स्वतंत्र रकाना नाही. उमेदवार एखाद्या खासगी कंपनीचा संचालक असेल आणि कंपनीच्या कर्जाला त्याची वैयक्तिक हमी असेल, तर ती शपथपत्रात दिसेलच असं नाही. १ डिसेंबर २०१९ पासून अशा हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई होऊ शकते आणि गोव्यातली अशी प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातात.

रकाना कोरा ठेवता येत नाही. ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असं काहीतरी लिहावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं. कोरा रकाना दिसला तर निवडणूक निर्णय अधिकारी (रिटर्निंग ऑफिसर) उमेदवाराला तो भरायला सांगतो, आणि तरीही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो.

शपथपत्र कसं मिळवायचं?

निवडणूक आयोगाच्या ॲफिडेव्हिट पोर्टलवर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडा, उमेदवाराच्या नावावर जा आणि स्कॅन केलेली प्रत उतरवून घ्या. मोबाइलवर आयोगाच्या ॲपमध्येही उमेदवारांची माहिती पाहता येते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावरही प्रत लावलेली असते आणि मागितल्यास मिळते.

अडचण अशी की एक उमेदवार चार अर्जांपर्यंत भरू शकतो आणि दुरुस्त केलेलं शपथपत्र नंतर जोडलं जातं. त्यामुळे पोर्टलवर एकाच नावाच्या दोन-तीन फाइल्स दिसतात. सगळ्या उतरवा आणि तारखा लिहून ठेवा. स्कॅन अंधुक असेल किंवा देण्यांचं पान गायब असेल, तर मतदानाची वाट न पाहता त्याच आठवड्यात कार्यालयातून प्रत घ्या.

वाचताना गोव्याचं काय वेगळं?

इथे भलतेच गैरसमज होतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्यातली एक तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) याच पद्धतीसाठी आहे. पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. म्हणून कधीही धंदा न केलेल्या पत्नीच्या रकान्यात नवऱ्याइतकंच धंद्याचं उत्पन्न दिसलं तर त्यात काळंबेरं शोधू नका. उलट, करार नसताना आणि पगाराखेरीज उत्पन्न असताना दोघांचे आकडे जुळत नसतील, तर विचारण्यासारखी गोष्ट ती आहे.

वडिलोपार्जित जमीनही अशीच. घराण्याची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमध्ये (वारसांतल्या वाटणीच्या न्यायालयीन प्रक्रियेत) अडकलेली असते, फॉर्म एक व चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) अजून आजोबांचंच नाव असतं. उमेदवार ‘अविभक्त हिस्सा’ लिहितो आणि बाजारभाव अंदाजाने टाकतो. हा लपवाछपवीचा पुरावा होत नाही. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेला रहिवासी) किंवा कूळ म्हणून लागलेली नावं त्याच फॉर्मवर असतात, तीही पाहून घ्या.

दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा

एकटं शपथपत्र फार काही सांगत नाही, दोन शेजारी ठेवली की बोलतात. फक्त २०१७ आणि २०२२ ची तुलना करताना एक भान हवं. २६ फेब्रुवारी २०१९ पासून फॉर्म बदलला. त्याआधी शेवटच्या आयकर विवरणाचं उत्पन्न पुरत होतं, त्यानंतर गेल्या पाच आर्थिक वर्षांचं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ताही लिहावी लागते. म्हणून २०१७ च्या कागदावर पाच वर्षांचं उत्पन्न सापडणार नाही.

समजा, आधीच्या शपथपत्रात ६० लाखांचं कर्ज होतं आणि पुढच्यात शून्य आहे. मधल्या पाच वर्षांचं पती-पत्नींचं एकूण उत्पन्न ३५ लाख आणि मालमत्ता मात्र पूर्वीइतकीच. मग ६० लाख फिटले कसे? उत्तर साधं असू शकतं: वारसाहक्काने पैसे आले, नातेवाइकाने बक्षीस दिलं, विमा पिकला. पण विचारायचा प्रश्न तयार झाला. बँकेचं कर्ज गेलं आणि त्याच रकमेचं कर्ज एखाद्या खासगी व्यक्तीच्या नावाने आलं, तर त्या व्यक्तीचा सरकारी कंत्राटांशी संबंध आहे का, हे तपासणं जास्त महत्त्वाचं.

पडताळणीसाठी हे कागद कामी येतात. जमिनीसाठी भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावरचा फॉर्म एक व चौदा. तारणासाठी सरसाई (CERSAI), म्हणजे बँकांकडे गहाण ठेवलेल्या मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, जिथे थोडं शुल्क भरून शोध घेता येतो. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल: कर्जाच्या तारणांची यादी तिथे असते, कागदपत्रं पाहायला प्रति कंपनी १०० रुपये लागतात. ज्यांच्यावर बँकांनी दावे केले आहेत अशा १ कोटी आणि त्यावरच्या थकबाकीदारांची, तसंच २५ लाख आणि त्यावरच्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांची यादी क्रेडिट माहिती कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मोफत असते. आणि ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयीन खटल्यांच्या संकेतस्थळावर, पक्षकाराच्या नावाने शोध.

घाई इथेच नडते. कर्ज फिटल्यावरही बँका तारणाची नोंद काढायला विसरतात. सरसाईवर नोंद दिसली म्हणजे कर्ज चालू आहे असं नव्हे. ई-कोर्ट्सवर एकाच नावाचे चार जण सापडतात, बापाचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. आयकर विवरण किंवा बँक खात्याचा उतारा माहिती अधिकारात मागण्यात वेळ घालवू नका, खासगी माहिती म्हणून तो अर्ज फेटाळला जातो.

लपवलं असल्याची खात्री असेल तर तीन वाटा

पहिली, अर्जांच्या छाननीआधीची. कुणीही उलट माहिती देणारं स्वतःचं शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देऊ शकतं आणि ते उमेदवाराच्या शपथपत्रासोबत प्रसिद्ध करावं लागतं. याने अर्ज बाद होत नाही, कारण छाननीत शपथपत्राचं खरेखोटेपण तपासलं जात नाही. पण मतदानाआधी लोकांपर्यंत माहिती पोचवणारी अधिकृत वाट हीच आहे आणि ती फारच कमी वापरली जाते. तारण नोंदीची प्रत, दाव्याचा क्रमांक, फॉर्म एक व चौदा असं काहीतरी जोडा. नुसता आरोप लिहिलात तर उलट तुमच्यावरच खोट्या शपथेचं बालंट येऊ शकतं.

दुसरी, निवडणूक याचिका. त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवारच ती करू शकतो. मुदत निकालापासून ४५ दिवस. २०२२ च्या विधानसभेचा निकाल १० मार्चला लागला, म्हणजे ४५ दिवस २४ एप्रिलला भरले. ही मुदत माफ होत नाही. याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, पर्वरीला. २,००० रुपये अनामत, प्रत्येक प्रतिवादीसाठी तुमच्या सहीने साक्षांकित प्रत, आणि भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर फॉर्म २५ मधलं शपथपत्र लागतं. मालमत्ता आणि उत्पन्नाचे स्रोत लपवणं हा भ्रष्ट आचार ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटलं. मात्र एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या तेझू मतदारसंघाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने प्रत्येक बारीकसारीक वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, लपवलेली गोष्ट मोलाची किंवा त्याच्या राहणीमानावर प्रकाश टाकणारी असली पाहिजे. तेव्हा विसरलेल्या स्कूटरवर याचिका उभी राहत नाही. ही वाट वकिलाशिवाय चालूच नका.

तिसरी, शपथपत्रात माहिती लपवल्याबद्दल किंवा खोटी दिल्याबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ ची फौजदारी तक्रार. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस सहसा एफआयआर घेत नाहीत, तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार न्यायालय दखल घेण्याआधी आरोपीचंही म्हणणं ऐकतं, त्यामुळे पहिली तारीख लांबते. मुदत एक वर्षाची. ‘पुढच्या निवडणुकीत बघू’ म्हणणारा इथे हरतो. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यावर विसंबू नये. या कलमाखाली शिक्षा झाली तरी आमदारकी जात नाही. विधी आयोगाने २०१४ च्या २४४ व्या अहवालात शिक्षा वाढवून अपात्रता जोडण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

निवडून आल्यानंतर

खासदाराने शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता आणि सार्वजनिक वित्तसंस्था व सरकारची देणी आपापल्या सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याला कळवायची असतात (त्याच कायद्याचं कलम ७५अ). हे कलम आमदारांना लागू नाही. गोव्यातल्या आमदारांसाठी लोकायुक्त कायदा आहे, त्याखाली मालमत्ता आणि देण्यांचं वार्षिक विवरण लोकायुक्तांकडे द्यायचं असतं. विवरणातले आकडे मागण्याऐवजी ‘अमुक वर्षाचं विवरण कोणत्या तारखेला मिळालं, कुणाचं मिळालं नाही’ एवढंच माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तारखा विचारल्यावर खासगीपणाचं कारण पुढे करणं कार्यालयाला जड जातं.